सांगायचं राहिलेलं काम

दसरा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी चहा घेत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मल्लिनाथचा मुलगा. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला. आठवड्यापूर्वीच त्याच्या किराणा दुकानात जाऊन आलो होतो. गादीवर बसून तो अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. निघताना म्हणाला, "काय बे शिरप्या, पाडव्याला येतोस की?" मी म्हटलं, "आजवर कधी चुकवलाय का?" पाडवा आला तेव्हा बोलावणाराच नव्हता. या वयात रडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! मातीला गेलो तिथं लहान पोरासारखा रडलो.

आमची ओळख कॉलेजातली, सत्तरच्या दशकातली. मी केम गावचा. वडील रेल्वेत खलाशी. सोलापुरात तिघांत एक खोली घेऊन बी. कॉम. करत होतो, आणि वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, शिक्षण संपेपर्यंत नोकरी बघ, नाहीतर गाडीत बसून घरी ये, मामाच्या शिवणकामाला हात लाव. मल्लिनाथ इथलाच. घरी कानडी, पेठेत मराठी, दोन्हीकडे तेवढाच बोलका. बापाचं दुकान तयार होतं, म्हणून लोक त्याला नशीबवान म्हणत. त्याला मात्र त्या दुकानाचा मनस्वी कंटाळा. एखाद्या चादरीच्या पेढीवर लागायचं, नमुन्यांची पेटी घेऊन मुंबई, इंदूर, हैदराबाद करायचं, हे त्याचं स्वप्न. रेल्वेचं वेळापत्रक त्याला पाठ होतं. गाडीत मात्र तो तोवर दोनदाच बसला होता.

दिवाळीच्या सुट्टीत वर्गातली पोरं गावी पळायची. मल्लिनाथ मला पळू देईना. "सुट्टीतच खरं शिक्षण हाय बे," म्हणायचा. पाडव्याला व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर पानसुपारी असायची. गादीवर स्वच्छ चादर, उदबत्ती, तबकात विडे, मनगटाला अत्तर. त्या एका दिवशी कुणीही आत जावं, बसावं. एरवी आम्हाला ज्यांच्या पायरीवर कुणी उभं केलं नसतं, ते मालक त्या दिवशी स्वतः "या, बसा" म्हणायचे. आम्ही दोघं एकाच इस्त्रीनं कपडे कडक करून सकाळपासून पेढ्या पालथ्या घालायचो. त्याचा नियम ठरलेला. पहिल्या वर्षी नाव सांगायचं, दुसऱ्या वर्षी घरची विचारपूस करायची आणि तिसऱ्या वर्षी काम सांगायचं. मधेच कुणी विचारलं, काय काम काढलं, तर म्हणायचं, "काम नाही, सहज आलो." माझा नातू एम.बी.ए. करतोय, सुट्टीत मोबाईलवरून ओळखी वाढवतो. एका दुपारीत चाळीस! मी त्याला ही तीन वर्षांची गोष्ट सांगितली तर हसला. हसू दे.

पहिल्याच वर्षी मी माती खाल्ली. अप्पासाहेब म्हणून चादरींचे मोठे घाऊक व्यापारी होते. त्यांच्या पेढीवर विडा हातात पडायच्या आत मी खिशातून टाईप केलेला अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला. भरल्या बैठकीत. त्यांनी पानाचं तबक उचललं, माझ्या अर्जावर ठेवलं आणि शेजारच्याशी पावसापाण्याचं बोलू लागले. माझे कान तापले. मल्लिनाथनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "येडा का खुळा बे तू? पानसुपारीला अर्ज? बारशाला जाऊन पोरीचं स्थळ विचारशील तू!" मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या वर्षी त्यांना नुस्तं नाव सांग."

दुसऱ्या वर्षी मी नाव सांगितलं. मल्लिनाथनं मात्र अप्पासाहेबांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, तीही कानडीतून, आणि म्हातारा खुलला. त्याला जवळ बसवून घेतलं.

तिसरा पाडवा आला. मल्लिनाथ रात्री झोपला नव्हता, डोळे सांगत होते. वाटेत म्हणाला, "आज सांगणार. वर्षभर शब्द जुळवलेत." मी कशाला जात होतो? त्याच्यासोबत, एवढंच. त्या अर्जानंतर तिथं माझं काही होणार नव्हतं. उन्हाळ्यात केमची गाडी ठरलेली होती. अप्पासाहेबांनी विडा दिला आणि स्वतःच मल्लिनाथला विचारलं, "येनप्पा, केलसा येनु?" म्हणजे काय रे बाबा, काम काय? मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "यंदा तरी सांगशील का नाही? एक माणूस घ्यायचाय पेढीवर. हिंडायला तयार पाहिजे."

मल्लिनाथनं माझ्याकडे पाहिलं. फार नाही, विडा तोंडात टाकायला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाला, "काम ह्याचं हाय, अप्पा. पोरगा चांगला हाय. पत्रं लई छान लिहितो. मी जामीन."

मी काय करायला हवं होतं? "नाही अप्पासाहेब, काम त्याचं आहे," एवढं म्हणायचं होतं. तोंडात जीभ होती. पण मला केमचं स्टेशन दिसत होतं, मामाचं मशीन दिसत होतं... मी खाली मान घालून बसलो. अप्पासाहेब म्हणाले, "बरं, पौर्णिमेनंतर ये." झालं. पायऱ्या उतरल्यावर मल्लिनाथनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "पेढे दे की बे आता!" मी पेढे दिले. त्यानं दोन खाल्ले.

मुंबई, इंदूर, हैदराबाद... सगळं मी पाहिलं. तो दुकानात बसला आणि तिथंच म्हातारा झाला. मी परत आलो की गाडी कुठं किती वेळ थांबली ते विचारायचा. दर पाडव्याला मी त्याच्या दुकानात पानसुपारीला जायचो. दर वेळी ठरवून जायचो, आज बोलायचंच. तो विचारायचा, "काय काम काढलंस?" आणि मी म्हणायचो, "काम नाही, सहज आलो." मग दोघं हसायचो. त्याचं हसणं खरं होतं.

या पाडव्याला गेलो. दुकान बंद होतं, म्हणून घरी गेलो. शांतावहिनींनी त्याच्या फोटोपुढं तबक ठेवलं होतं. "औंदा सण नाही आमच्यात, भावजी. पण पानसुपारी ठेवली. चुकलेली त्यांना चालली नसती." मग सवयीनं विचारलं, "काय काम काढलंत?"

"काम होतं, वहिनी," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. अप्पासाहेबांची पेढी, त्याचं बघणं, माझं खाली मान घालणं. वहिनी पदरानं फोटोची काच पुसत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय की. दर पाडव्याला तुमी गेलात की म्हणायचे, 'शिरप्याचं काम आजबी सांगायचं राहिलंच बघ.'"

त्यांनी तबक पुढं केलं. त्यात त्याचा अडकित्ता होता. "सुपारी जाड झालीया," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्यासारखी मला कातरता येत न्हाय." मी विडा उचलला आणि तोंडात टाकला. सुपारी खरंच जाड होती. ती फुटेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो.