म्हसळ्यातला सुलतानाचा दुखवटा

आमच्या दुकानाबाहेर एक बाकडं आहे. दुकान विमानाच्या तिकिटांचं आणि पासपोर्ट फोटोंचं, म्हसळ्याच्या एसटी स्टँडसमोर. पण खरी गर्दी बाकड्यावर! तिकीट काढायला माणूस दोन वर्षांतून एकदा येतो, बाकड्यावर मात्र रोज बसतो. आणि उठताना एखादा किस्सा मागे ठेवून जातो, छत्री विसरावी तसा. छत्री न्यायला लोक परत येतात. किस्सा न्यायला कोणी येत नाही, तो माझ्याकडेच राहतो.

सगळ्यात जास्त माल जमला तो सुलतान गेले त्या आठवड्यात. कुठले सुलतान, ते विचारू नका. आखातातल्या एका देशाचे, एवढं पुरे. आमची निम्मी पोरं अजून तिकडे कामाला आहेत, उगाच कशाला! या भागात एक घर सोडून दुसऱ्या घरातला माणूस तिकडे. आजोबा नोकरीला लागले तेव्हा हेच सुलतान, बाप लागला तेव्हा हेच, नातू लागला तरी हेच. वय झालं होतं, कबूल. पण आदल्याच शुक्रवारी टीव्हीवर घोड्यांची शर्यत बघताना दिसले होते. आणि शनिवारी सकाळी बातमी, गेले!

शटर वर करायच्या आधीच माझा फोन वाजायला लागला.

पहिला म्हणाला, "सुधीरभाऊ, विमानं चालू हायत ना?"

दुसरा म्हणाला, "तिकडं सगळं बंद, तर माझी सुट्टी वाढंल काय?"

तिसरा फोन एका बाईंचा. "आमच्या यांना जरा सांगा, दुखवट्यात तरी ओव्हरटाइम करू नका!"

मी म्हटलं, "ताई, मी फक्त तिकिटं काढतो!"

"ते तुमचं तरी ऐकतात हो," त्या म्हणाल्या.

*

सगळ्या म्हसळ्यात त्या दिवशी रडला तो एकच माणूस. हसनचाचा.

चाचा त्या देशात उभी हयात टँकर चालवत होते. राजवाड्याच्या रस्त्यावरच्या झाडांना पाणी घालायचं काम. निवृत्त होऊन गावी आले आणि थेट माझ्या बाकड्यावर बसले. त्या शनिवारी हातातला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला, रुमालाने डोळे पुसले आणि जाहीर केलं, "तिकडं सरकारी दुखवटा हाय. आता चाळीस दिवस आपल्या घरात शादी न्हाय."

मी ताडकन उभा राहिलो. कारण शादी त्यांच्याच घरात होती. त्यांच्या एकुलत्या एका लेकीची, रुखसारची, येत्या शुक्रवारी! मुलगा माणगावचा, अस्लम. तोही त्याच देशात एका मॉलमध्ये कामाला. लग्नासाठी रजा काढून आलेला, लग्नानंतरच्या रविवारी परत जाणार. त्याचं तिकीट मीच काढलं होतं.

"चाचा, अस्लम रविवारी उडतोय," मी म्हटलं.

"उडू दे."

"मग लग्न?"

"पुढच्या सुट्टीला."

पुढची सुट्टी दोन वर्षांनी! ही बातमी घरी सांगायला चाचा एकटे जाईनात. मला बरोबर नेलं. सफियाचाची ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "सुलतानाला दावत दिली व्हती काय?"

"न्हाय," चाचा म्हणाले.

"मग ते येणार न्हायत म्हणून शादी कशाला थांबवता?"

*

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर गायकवाड सर आले. सर हायस्कूलमधून निवृत्त झालेले, इतिहासाचे. राजा हा शब्द ऐकला की त्यांचं रक्त तापतं.

"चाचा, शुद्धीवर या," सर म्हणाले. "जगात लोकशाही आली आणि तुम्ही एका राजासाठी पोरीचं लग्न मोडता? त्या राजाला कोणी निवडून दिलं होतं?"

सर रंगात आले. संविधान झालं, मतदान झालं, वंशपरंपरेची सालटी निघाली. बसला थांबलेली माणसंही ऐकायला जमली. दोन बस निघून गेल्या!

शेवटी चाचांनी मान वर केली. "सर, तिकडून मी दर वर्षी कॅलेंडर पाठवायचो, ते तुमच्या घरात लागलेलं असायचं ना?"

"असायचं. तारखा बघायला!"

"वर सुलतानाचा फोटो व्हता. तो कापून टाकायचा व्हता."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "चेहरा भला होता हो त्यांचा."

*

आता दुखवटा म्हटला की लोक भेटायला येणार. पण सुलतानाच्या घरच्यांना म्हसळ्यातून भेटायला जाणार कसं? गावाने आपसूकच ठरवून टाकलं, इथे त्यातल्या त्यात जवळचा माणूस कोण? हसनचाचा! लोक चाचांकडे यायला लागले.

पहिल्यांदा दोघं-तिघं आले, ते थट्टेनेच. पण ओट्यावर बसलेल्या चाचांचा चेहरा बघून त्यांना थट्टा जमेना. गुपचूप हातात हात घेऊन बसले, निघून गेले. मग रांग लागली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पाठवतात, ही रीत चाचांच्या मोहल्ल्यातही आहे आणि आमच्या आळीतही. मग काय! एका घरून बिर्याणी, दुसऱ्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमई. पाटीलवहिनी पिठलं-भात घेऊन गेल्या. आमच्यात हेच नेतात.

सफियाचाची आधी भयंकर चिडल्या. "माझ्या घरात शादी हाय आणि तुम्ही मयताचं जेवण आणता?" पण अन्न परत कसं पाठवणार? घेतलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी चिडल्या. लग्नाच्या गडबडीत दोन वेळचा स्वयंपाक सुटला होता ना!

तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. चाची दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या.

"काय झालं चाची?"

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "आज गावात कुणाला दुःख झालेलं दिसत न्हाय!"

*

इकडे चाचींनी लग्नाची तयारी अजिबात थांबवली नव्हती. "फोटो काढून घ्या, शादीचं मी बघते," असं म्हणून त्यांनी रुखसार आणि अस्लमला माझ्याबरोबर दिवेआगरच्या समुद्रावर धाडलं. बरोबर रुखसारची मावशी, लक्ष ठेवायला.

अडचण अशी, की त्याच सकाळी अस्लमच्या कंपनीच्या ग्रुपवर सूचना आली होती. राष्ट्रीय दुखवटा चालू आहे, कर्मचाऱ्यांनी आनंदाचे फोटो टाकू नयेत!

"तू टाकू नकोस ना," मी म्हटलं.

"मी न्हाय टाकणार हो. पण हिच्या मैत्रिणी टाकतील. साहेबानं बघितला तर?"

आता मी आयुष्यभर पासपोर्टचे फोटो काढलेला माणूस. माझा जन्म "हसू नका, दात झाका" हे सांगण्यात गेला. त्या दिवशी पहिल्यांदा ओरडत होतो, "अरे, हस की!" तो हसेना. सुरूच्या बनात हसेना, वाळूत हसेना. लाटेने पँट गुडघ्यापर्यंत भिजवली, तरी गंभीर! नवरदेव समोर बघणार, कान दिसणार, मान सरळ.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर फोटो उघडले. मागे समुद्र सुंदर आला होता आणि पुढे व्हिसाचा अर्ज उभा होता!

रुखसारने एकेक फोटो बघितला आणि अस्लमला म्हणाली, "निकाहच्या वेळी 'कबूल' म्हणणार आहेस, की साहेबाला विचारून सांगतोस?"

*

मांडवाचं काम पांडूकडे होतं. आसपासच्या चार गावांत मांडव घालतो तो. रविवारी त्याने बांबू उभे केले. चाचा नमाजाहून आले, बघितलं आणि म्हणाले, "काढ."

पांडूने काढले. चाची बाजारातून आल्या. "का काढलेस? घाल!"

पांडूने घातले. सोमवारी परत तेच. मंगळवारी पांडू कंटाळून माझ्या बाकड्यावर येऊन बसला. "सुधीरभाऊ, या घराचा एकदा काय तो निकाल लावा. माझे बांबू झिजायला आले!"

मी म्हटलं, "तू काय केलंस शेवटी?"

"अर्धा घालून ठेवलाय. खुशी झाली तर झालर लावतो, दुःख झाला तर ताडपत्री टाकतो."

तेवढ्यात श्रीवर्धनहून आलेला कोणी पाहुणा चाचांच्या दारावरून चालत बाकड्यापाशी आला. त्याने पांडूलाच विचारलं, "त्या घरात लग्न आहे की मयत?"

पांडू म्हणाला, "अजून ठरायचं हाय!"

*

बुधवार उजाडला. माणगावहून अस्लमच्या वडिलांचा निरोप आला की हो का नाही ते आज सांगा, आम्हालाही पाहुण्यांना तोंड दाखवायचं आहे. रुखसार आतल्या खोलीत दार लावून बसली. मग चाचींनी शेवटचा उपाय केला. मौलानांना बोलावून आणलं.

ओट्यावर मौलाना बसले, चाचा बसले, गायकवाड सर आणि मी कडेला. पाच-सहा शेजारी होतेच. चाची दाराच्या चौकटीत उभ्या.

मौलाना फार गोड माणूस. त्यांनी चाचांचा हात हातात घेतला. "हसनभाई, सुलतान भले होते, अल्ला त्यांना जन्नत देवो. पण आपल्यात शोक तीन दिवसांचा. ते झाले. चाळीस दिवसांचं ते तिकडच्या सरकारचं, ते आपल्याला लागू नाही. तीन दिवसांच्या पुढे शोक फक्त एकीलाच सांगितलाय, बेवेला, नवरा गेलेल्या बाईला. तिला चार महिने दहा दिवस."

तेव्हा चौकटीतून चाची म्हणाल्या, "मग मौलानासाब, यांनाच विचारा ना! हे सुलतानाची बेगम व्हते काय?"

झालं! सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मौलानांनी आधी दाढीवर हात ठेवून बघितलं, पण त्यांनाही आवरेना. शेजारी हसले. आतल्या खोलीत रुखसारही हसल्याचं ऐकू आलं. आणि चाचा, चाचासुद्धा हसायला लागले. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. आम्ही थांबलो तरी त्यांचे खांदे हलतच राहिले. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की ते आता हसत नाहीयेत.

मग चाचा स्वतःच बोलले.

"माझा अब्बा गेला ना मौलानासाब, तवा मी तिकडं नवीनच व्हतो. खबर आली ती दफन झाल्यावर. सुट्टी न्हाय मिळाली. त्या दिवशी पण टँकर भरला आणि झाडांना पाणी घातला."

"मग गावी आलात तेव्हा?" मौलानांनी हळूच विचारलं.

"आलो ना, पुढच्या साली. सगळे भेटायला आले. म्हणाले, हसन, काय काय आणलास?" चाचांनी रुमाल शोधला. "अब्बाचा कोण बोललाच न्हाय. त्यांच्यासाठी ते जुना झाला व्हता. मी पण मग अत्तराच्या बाटल्या वाटल्या."

"इतकी वर्षं बोलला नाहीत कधी," सर म्हणाले.

"कोणाजवळ बोलणार सर? या टायमाला सगळे आले. बाजूला बसले. हात धरला." ते अर्ध्या मांडवाकडे बघत राहिले. "मला वाटला, अजून थोडे दिवस येतील."

चार दिवस या माणसाची आम्ही बाकड्यावर बसून टिंगल केली होती.

चाची चौकटीतून हलल्या. आतल्या खोलीच्या दारावर थाप मारून म्हणाल्या, "रुखसार, माणगावला फोन लाव. सांग, शादी शुक्रवारीच हाय."

मग त्या ओट्यावर आल्या. आमच्या सगळ्यांसमोर चाचांच्या शेजारी कधी बसल्या नव्हत्या, त्या बसल्या.

"उद्यापासून कामाला लागू," त्या म्हणाल्या. "आज बसा तुम्ही. आज तुम्हाला कोण उठवणार न्हाय."

मौलाना निघायला म्हणून चप्पल घालत होते. त्यांनी चप्पल परत काढली आणि चाचांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले.