महिन्यात संपलेली गोणी

दुकानात मिठाच्या गोळ्यांची गोणी दिसली की अजूनही माझं डोकं फिरतं. करंजाड्यात बोअरचं पाणी जड, म्हणून आम्ही मिठावर चालणारं सॉफ्टनर बसवलं. घरातली माणसं नि पाणी धरून माझा अंदाज होता, गोणी दोन महिने पुरेल. ती महिन्यातच संपली. सॉफ्टनरला जोडलेल्या नव्या पाइपामागोमाग मी जिना उतरले, तर तो खाली धाकट्या दिराच्या न्हाणीघरात शिरलेला. "भावजी, न विचारता पाइप जोडलात?" मी ओरडले. "पाणी काय तुझ्या बापाचं आहे?" वहिनी म्हणायचंही तो विसरला. "मीठ माझं आहे!" म्हणत मी कोयत्याने पाइप तोडला. मागून नवरा हळूच म्हणाला, "अगं, मीच जोडायला सांगितलं होतं." दिराशी मी पुढे बोलू लागले. नवऱ्याला मात्र अजून माफ केलेलं नाही.