संगणकातली पायपेटी

संगणकाला धाप लागायला लावणारा माणूस साऱ्या डिचोली तालुक्यात एकच, आणि ते माझ्या बायकोचे मामा. खाणीवर मेकॅनिक होते. खाण बंद पडल्यावर घरी बसले आणि देवळातल्या जुन्या पायपेटीच्या मागे लागले. पेटीला वाळवी लागलेली. मामांनी ती मोडायच्या आधी तिचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून घेतला, लॅपटॉपवर सिंथेसायझरचं सॉफ्टवेअर चढवलं आणि त्यात ती पेटी पुन्हा उभी केली; अगदी भात्याच्या फुसफुशीसकट. "मामा, निदान ती फुसफूस तरी काढा," मी म्हटलं. तर म्हणाले, "अरे, दम न घेता कोण गाता?"

त्यांचा दुसरा नाद म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरची चित्रं मोठी करणं. दर खेपेला जावं तर बटणांची चित्रं वाढलेली. आधी चिंचोक्याएवढी, मग बिस्किटाएवढी, शेवटी बेकरीतल्या उंड्याएवढी, म्हणजे चांगल्या गोल पावाएवढी. पडद्यावर कशीबशी चार मावायची. "मामा, आता भिंतीवरच रंगवून घ्या," असं मी म्हणायचो. ते हसत, मीही हसे. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पार्से गावच्या उत्सवात बायकांचं संगीत नाटक होतं, दुपारी तीनला. साथीला मामा, लॅपटॉप आणि त्याला जोडलेला कीबोर्ड घेऊन; त्यांच्या शेजारी मी. पडदा उघडायला पाच मिनिटं असताना मंडपवाल्याने देखाव्यांच्या प्रोजेक्टरची वायर मामांच्या लॅपटॉपला जोडली. स्क्रीन काळी झाली, परत उजळली, आणि सगळी चित्रं तिळाएवढी झाली.

मामा माऊस फिरवू लागले. बाण नुसता भरकटत होता. त्यांनी अंदाजाने एक बटण दाबलं, कीबोर्डवर सूर धरून पाहिला, आणि पायपेटीऐवजी घंटा वाजल्या. नायिकेचं काम करणाऱ्या शाळेतल्या बाई विंगेतून डोकावल्या. "मामा, सूर?"

मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. "माका दिसना," ते पुटपुटले. "आजचा न्हय, वर्स जाला. साखर डोळ्यांत गेली."

तेव्हा मला ते उंडे कळले.

मी वायर उपटली. चित्रं लहानच राहिली. शोधता शोधता आकार वाढवायची जागा सापडली, पण त्यासाठी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करायला हवा होता, आणि सगळे सूर नव्याने चढायला दोन-तीन मिनिटं लागणार होती. मी बंद केला. तेवढ्यात तिसरी घंटा झाली आणि पडदा सरकला. रंगमंचावर बाई, समोर गप्प झालेले लोक, आणि आमच्यापुढे मुंगीच्या पावलांनी सरकणारी एक निळी पट्टी.

मामांनी बसल्या जागी गळ्यातून षड्ज लावला. कापरा, पण पक्का. बाईंनी तो उचलला, तबलजीने ठेका धरला. पहिलं कडवं पेटीशिवाय गेलं. पट्टी अर्ध्यावर अडली, तेव्हा मी मनात ग्रामदेवतेला नारळ बोललो. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाला चित्रं उगवली, चांगली ढब्बू. मामांची बोटं सुरांवर उतरली आणि मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. लोकांना वाटलं, मुद्दाम तसंच बसवलंय.

नाटक संपल्यावर मामांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "तू चलय." वाटेत एवढंच बोलले, "मामीक तू सांग."

दिवेलागणीला डिचोलीत पोचलो. मामी दारातच उभ्या होत्या. मी शब्द जुळवत राहिलो. शेवटी मामाच म्हणाले, "अगो, माका डोळ्यांनी..."

"माका खबर आसा," मामी म्हणाल्या. "वर्सभर माशाचे काटे काढून तुमका कोण वाढता?"

पुढे उपचार झाले. उजवा डोळा गेला तो गेलाच, डावा राहिला. त्या संध्याकाळी मात्र मामा पायरीवर बराच वेळ बसून राहिले, आणि मामी आत न जाता त्यांच्या बाजूला येऊन टेकल्या.