भात शिजेपर्यंत

जगात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा घडू नये, असं माझ्या आत्याआजीचं ठाम मत आहे. आत्याआजी म्हणजे माझ्या बाबांची आत्या. राहते मोखाड्याजवळच्या पोशेऱ्याला. माणसाला जे काही करायचं, बोलायचं, सोसायचं असेल ते त्यानं आधी घरी एकदा करून बघावं, म्हणजे खऱ्या वेळी ते शिळं झालेलं असतं आणि शिळ्याला कुणी भीत नाही, असं तिचं साधं गणित. एसटीनं नाशिकला जायचं असलं तर आदल्या दिवशी ती पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसते आणि वळण येईल त्या बाजूला कलते. मोखाड्याहून त्र्यंबकपर्यंतचा सगळा घाट तिला असा बसल्या जागी पाठ आहे. शेजारच्या पाड्यावर कुणी वारलं तेव्हा भेटायला जाण्याआधी तिनं घरीच रडून बघितलं, आणि ते इतकं छान साधलं की लोक हातातली कामं टाकून तिच्याच दारात जमले. माझ्या चुलतबहिणीला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा डोक्याला टॉवेल गुंडाळून ती स्वतः मुलाचा बाप झाली आणि असे आडवे प्रश्न विचारले की बहीण पाय आपटत आत गेली. खरे पाहुणे आले ते तिला फारच मवाळ वाटले. लग्न जमलं.

या तालमींमध्ये मला नेहमी सगळ्यात लहान काम मिळतं. मी वाढले जव्हारला, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझे कान गरम होतात. आत्याआजीला हे ठाऊक आहे, पण मान्य नाही. "हिच्या तोंडाला कुलूप नाय, कडी हाय," असं ती माझ्यासमोरच लोकांना सांगते, "एक दिवस कुणीतरी काढंल." तिचं स्वतःचं तोंड कधी बंद नसतं. त्यातला निम्मा वेळ तिच्या डाव्या मांडीतल्या सळईला जातो. तरुणपणी ती मोहाच्या झाडावरून पडली तेव्हा डॉक्टरांनी मांडीत सळई घातली, आणि दुसऱ्या बायका पाटल्या मिरवतात तशी ती ही सळई मिरवते. एसटीत चढल्याबरोबर ती सळई जाहीर करते आणि बसायला जागा मिळवते. पाऊस कधी येणार हेही सळईच सांगते, आणि चुकली तर दोष पावसाचा.

तर अशा आत्याआजीच्या नातीला एमआरआय काढायला सांगितला. मनाली तिची नात, तिसरीतली. आई-बाप वसईकडे कामाला, म्हणून ही आजीजवळ. तिचं डोकं दुखायचं, मग डोळ्यांपुढे एकाची दोन अक्षरं व्हायची, आणि जव्हारच्या डॉक्टरांना आत काय आहे ते लवकर बघायचं होतं. नाशिकच्या केंद्रात लिहिलेलं वाचायला म्हणून मला बरोबर घेतलं होतं. आम्ही दोघी काचेबाहेरच थांबलो होतो. मनालीनं त्या यंत्राचं गोल तोंड पाहिलं, कशीबशी आडवी झाली, आणि पहिला ठोका पडताच अशी बाहेर आली की चादरही तिच्याबरोबर आली. आतला टेक्निशियन भला माणूस होता. तो म्हणाला, ती हलली की फोटोही हलणार. पुढच्या आठवड्यात परत या, तेव्हाही जमलं नाही तर झोपेचं इंजेक्शन देऊन करावं लागेल, त्यासाठी वेगळे डॉक्टर, वेगळी तारीख, आणि ती कधी मिळेल ते सांगता येत नाही. परतीच्या एसटीत मनाली खिडकीला डोकं टेकून बसली होती. मध्येच तिनं मला हळूच विचारलं, इंजेक्शननं झोपलेलं माणूस नक्की उठतं का? मी हो म्हटलं, पण तिचा विश्वास बसला नाही. आत्याआजी चढताना सळई जाहीर करायचीही विसरली होती, आणि त्र्यंबकपर्यंत मनालीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "चूक आपली. पोरीला आपण पहिल्यांदाच नेली."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची जुनी कणगी खाली आली. भात साठवायची ही बांबूची कणगी माणसाहून उंच, शेणानं सारवलेली, आणि तिचा तळ उंदरांनी केव्हाच खाल्लेला, त्यामुळे पडवीत आडवी पाडल्यावर दोन्ही बाजूंनी उघडी झाली. मी म्हटलं, अगदी तस्संच दिसतंय. हे मी आपण होऊन बोलले, म्हणून आत्याआजीनं मला लगेच कामाला लावलं. पाय काढलेल्या खाटेला दोर बांधला, त्यावर मनालीला झोपवायचं, डोक्यावर यंत्रातल्या झाकणाऐवजी कोंबड्या झाकायची टोपली ठेवायची आणि खाट हळूहळू कणगीत ओढायची. किती वेळ? आत्याआजीनं चुलीवर भात ठेवला. भात शिजेपर्यंत हलायचं नाही. मध्येच झाकण काढलं तर भात कच्चा राहतो, इथंही तसंच. शिजला की ती थाळी वाजवून ओरडणार, मगच उठायचं.

पहिल्या दिवशी भाताला नुसती उकळी फुटली आणि मनाली बाहेर आली. तिसऱ्या दिवशी पाणी आटेपर्यंत टिकली. तोवर पाड्यावर बातमी पसरली होती आणि पडवीत जत्रा भरायला लागली होती. आवाज हवेत म्हणून एकीनं उखळ-मुसळ आणलं, एकानं तेलाचा डबा, आणि म्हादूकाकांनी सायलेन्सर फुटलेली मोटरसायकल. यंत्र लोखंड ओढून घेतं हे मी सांगितल्यापासून आत्याआजी सूप घेऊन दारातच उभी राहायची आणि येईल त्याच्या किल्ल्या, सेफ्टी पिना, विळे, करगोटेसुद्धा सुपात टाकून घ्यायची. म्हादूकाकांचा पट्टा सुपात गेल्यामुळे त्यांना एका हातानं विजार धरून किक मारावी लागायची. कणगीत जायला पोरांची रांग लागली. बैलगाडीवाले दादा तर आत जाऊन खरंच झोपले, त्यांना भात शिजल्यावरही उठवता येईना.

मला काम होतं यंत्रातल्या आवाजाचं. "आता पाच मिनिटांचा आवाज येईल, हलू नका," हे शहरातल्यासारखं बोलायचं, कारण तसं बोलणारी पाड्यात मी एकटी. मी बोलले. आत्याआजी कान देऊन ऐकत राहिली आणि म्हणाली, "पुन्यांदा बोल. कोंबडीनंसुद्धा मान वळवली नाय." मी पुन्हा बोलले, थोडंसं मोठ्यानं. कणगीतून मनाली हसली आणि लगेच म्हणाली की हे हसणं हलण्यात धरू नका. शेवटच्या दिवशी मुसळ, डबा, मोटरसायकल सगळं एकदम चाललं होतं, आणि कणगीच्या तोंडातून दिसणारे तिचे दोन तळवे जराही हलले नाहीत. थाळी वाजली. "भात शिजला!" पाड्यानं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी तो भात वाटून खाल्ला.

नाशिकला आम्ही गेलो ते लग्नाला निघाल्यासारखे. या वेळी आत मनालीबरोबर एकीला जाता येणार होतं, अर्थात आत्याआजीला. तिनं बांगड्या काढल्या, गळ्यातलं काढलं, माझ्याही केसातली पिन उपटली. टेक्निशियननं विचारलं, अंगात कुठं धातू वगैरे? आणि आत्याआजीनं सवयीप्रमाणे मांडीवर थाप मारून अभिमानानं सांगितलं, "सळई हाय ना."

मग ती थांबली. आख्ख्या पाड्याचं लोखंड सुपात गोळा करणाऱ्या माझ्या आत्याआजीला स्वतःची सळई आठवली नव्हती, आणि मलाही नाही. त्या सळईची काही कागदपत्रं आहेत का, असं तो माणूस नम्रपणे विचारत होता. कागद होते, ते मोहाचं झाड होतं तेव्हा; आता दोन्ही नव्हते, आणि कागदांशिवाय तिला आत सोडता येणार नव्हतं. आत्याआजीनं माझ्याकडे पाहिलं आणि मनालीचा हात माझ्या हातात दिला.

आत गार होतं. मनाली आडवी झाली, डोक्यावर झाकण आलं, कानांवर आवाज कमी करायचे ते मोठे गोल आले, आणि ती आत सरकली. ठोके सुरू झाले. मी तिच्या पायाचा अंगठा धरून उभी होते. तिचे तळवे पोशेऱ्याच्या पडवीतल्यासारखे स्वस्थ. मुसळ, डबा, मोटरसायकल, सगळे आवाज ओळखीचे निघाले.

मग शांत झालं. खाट बाहेर आली, टेक्निशियननं झाकण काढलं, कानांवरचं काढलं आणि म्हणाला, "झालं बेटा, ऊठ." मनाली हलली नाही. तो पुन्हा म्हणाला. डोळे घट्ट मिटलेले, पापण्या थरथरतायत, पण ही उठेना. त्यानं जरा घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी वाकून तिच्या कानात पुटपुटले. उपयोग झाला नाही. असं पुटपुटून कधी भात शिजतो का? काचेपलीकडे दोन माणसं बघत होती. मी शेजारच्या स्टुलावर हात आपटला आणि ओरडले, "भात शिजला!"

मनाली ताडकन उठून बसली. टेक्निशियन एक पाऊल मागे सरकला, मग हसत सुटला. फोटो चांगले आलेत, म्हणाला.

आम्ही धावत बाहेर आलो. बाहेरच्या बाकावर आत्याआजी उताणी झोपली होती, हात अंगाला चिकटवून, डोळे मिटून. शेजारची बाई घाबरून म्हणाली, तुम्ही आत गेल्यापासून या अशाच आहेत, हाक मारली तर ओ देत नाहीत. मनालीनं माझा हात ओढला. या वेळी मला मोठ्यानं बोलावं लागलं नाही. "आजी, भात शिजला."

तिनं डोळे उघडले, आधी मनालीला पाहिलं, मग मला. "किती येळ लावला गं," म्हणाली. "करपला असंल." तिची बोटं मनालीच्या डोक्यावरून फिरत राहिली, आणि थांबायचं कधी ते तिला कळेना, कारण एवढ्या पुढची तालीम आम्ही केलीच नव्हती. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, भिण्यासारखं काही नाही, गोळ्या आणि चष्मा, तेव्हाही ती तशीच मनालीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

कणगी अजून पडवीत आडवी आहे. आत कोंबड्या अंडी घालतात, पण आत्याआजी ती माळ्यावर चढवू देत नाही. कुणाला लागली तर असू दे, म्हणते. पुढच्या महिन्यात मी नोकरीला पुण्याला जाणार आहे, हे सांगायला परवा पोशेऱ्याला गेले होते. मनाली शाळेत होती. आत्याआजीनं ऐकून घेतलं, आणि पगार किती, कुणाकडे राहणार, हे विचारण्याआधीच कणगीकडे बोट दाखवलं. मी आत जाऊन पडले. जुन्या भाताचा वास येत होता. बाहेर चुलीवर तिनं खरंच भात ठेवला होता, त्याला उकळी फुटल्याचं ऐकू आलं, मग पाणी आटल्याचं. वास आला, म्हणजे शिजलाच असणार; थाळी वाजली की उठायचं आणि निघायचं. पण आत्याआजीनं थाळी काही वाजवली नाही, आणि मीही हलले नाही.