युको-सानची शिकवणी

बेसिंगस्टोकमध्ये मी नऊ वर्षं तीन वाक्यांवर काढली आहेत. ‘लव्हली डे’, ‘नॉट टू बॅड’ आणि ‘सी यू लेटर’. एवढ्या भांडवलावर मी इंग्रजी संभाषणाचा मास्तर कसा झालो, असं विचाराल, तर त्याला सर्वस्वी माझी बायको जबाबदार आहे.

युको-सान आमच्या समोरच्या घरात राहते. (‘सान’ म्हणजे आपलं ताई, राव, साहेब सगळं एकातच. फार सोयीचं!) नवऱ्याची टोकियोहून इकडे बदली झालेली, आणि मुलगी हाना आमच्या इराच्या वर्गात. एकदा जेवताना इरा म्हणाली, “बाबा, हाना कुणाच्याच पार्टीला नाय येत. तिला कुणी इन्व्हाइट नाय करत.”

“का गं?”

“तिचा मम्मी कुणाशी बोलतच नाय. मग बाकीच्या मम्मीज विसरतात.”

‘तिचा मम्मी’ दुरुस्त करायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सात वर्षांची पोर वर्षभरात एकाही वाढदिवसाला गेली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

“गुरुवारी शाळेत कॉफी मॉर्निंग आहे,” माझी बायको अनघा म्हणाली. “सगळ्या आया येतील. तोवर युकोची बोलायची प्रॅक्टिस तू घे. दिवसभर मीटिंगमध्ये इंग्रजीच तर बोलतोस.”

“अगं, मी तिथे म्यूटवर असतो!”

“मग आता अनम्यूट हो.”

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला युको-सान हजर. एक वही, तीन रंगांची पेनं आणि सुबक कागदात गुंडाळलेला मिठाईचा डबा. तिने बूट काढून दाराकडे तोंड करून नीट लावले, आणि जाता जाता आमचेही लावले. मग कमरेतून वाकून मला ‘सेन्से’ म्हणाली. सेन्से म्हणजे गुरुजी! आजवर मला इतका मान कुणी दिला नव्हता. (सासुरवाडीलाही नाही.) मी ऑफिसचा पांढरा फळा खाली आणून त्यावर तक्ता काढला. हवा, वीकएंड, पुन्हा हवा, निरोप.

“द सीक्रेट इज, नेव्हर आस्क एनीथिंग,” मी गंभीरपणे सांगितलं. तिने ते वहीत उतरवून खाली लाल रेघ मारली.

कोपऱ्यात आई मेथी निवडत बसली होती. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. तीसेक वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसल्यामुळे अर्ध्या तालुक्याची खबर तिला असायची.

“हे काय बोलणं झालं रे? हवा तिला खिडकीतून दिसतेय की!”

“आई, इथे असंच बोलतात.”

“म्हणूनच नऊ वर्षांत तुला एक मित्र नाही.”

एवढ्यात माझा क्लायंटचा कॉल आला. दहा मिनिटांत येतो म्हणून वर गेलो, तो चाळीस मिनिटांनी खाली आलो. फळा पुसलेला! युको-सान जमिनीवर मांडी घालून मेथी निवडत होती आणि मधूनमधून वहीत लिहीत होती.

“यू आस्क, युको,” आईचा वर्ग रंगात आला होता. “फर्स्ट, नेटिव्ह प्लेस. सेकंड, हाउ मेनी ब्रदर-सिस्टर. थर्ड, हजबंड जॉब, परमनंट ऑर नॉट.”

“परमनंट ऑर नॉट,” युको-सानने घोकलं.

“अँड फूड. शी सेज नो, यू गिव्ह. अगेन नो, अगेन गिव्ह. थर्ड टाइम, डोन्ट आस्क. पुट इन प्लेट!”

युको-सानचा चेहरा खुलला. तिच्या आजोळीही म्हणे पहिल्यांदा विचारल्यावर कुणीच हो म्हणत नाही! सातारा आणि जपान यांचं माझ्या घरात एकमत झालं होतं, आणि इंग्लंडला कुणी विचारलंच नव्हतं.

मी घाईने म्हणालो, “युको-सान, हे सगळं विसरा, प्लीज.” ती वाकली. मी निश्चिंत झालो. गुरुजींना तोंडावर नाही म्हणायची त्यांच्याकडे पद्धत नाही, हे मला गुरुवारी कळलं.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकून सोबत गेलो. बाहेर गारा पडत होत्या. शाळेच्या हॉलमध्ये पालक संघाची प्रमुख हेलन हातात क्लिपबोर्ड घेऊन उभी होती. तिला मुख्याध्यापकही वचकून असत. आईने दिलेल्या शंकरपाळ्यांचा डबा दोन्ही हातांत धरून युको-सान थेट तिच्यासमोर गेली.

“हॅलो, हेलन. व्हॉट इज युवर नेटिव्ह प्लेस?”

आजूबाजूच्या माना वळल्या. मी मध्ये उडी घेतली. “लव्हली डे!” वर पत्र्यावर गारा ताडताड वाजत होत्या.

हेलनने माझ्याकडे पाहिलं, मग युको-सानकडे. “कॉव्हेंट्री,” ती सावकाश म्हणाली. “नोबडी एव्हर आस्क्स.”

“हाउ मेनी ब्रदर-सिस्टर?”

“फोर ब्रदर्स,” आणि हेलन चक्क हसली.

तिसरा प्रश्न मला ठाऊक होता! हेलनच्या पाठीमागे जाऊन मी दोन्ही हात हलवून ‘नको नको’ सुरू केलं. (एका बाईंनी माझ्यासाठी खुर्ची आणली.)

“हजबंड जॉब, परमनंट ऑर नॉट?”

हेलनचा क्लिपबोर्ड खाली आला. डोळे भरले. युको-सानला कोपऱ्यात नेऊन ती हळू आवाजात सांगू लागली. मी मागेच उभा असल्यामुळे मलाही ऐकू आलं. नवऱ्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली होती. कुणाला सांगितलेलं नव्हतं. तो रोज बॅग घेऊन निघायचा आणि लायब्ररीत जाऊन बसायचा. हा तिचा नवरा डेव्हिड आमच्याच गल्लीतला. दर मंगळवारी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना मला भेटायचा, आणि आम्ही एकमेकांना ‘नॉट टू बॅड’ सांगायचो. मला माझीच लाज वाटली.

इथे युको-सानचा अभ्यासक्रम संपला. तिने मदतीसाठी सेन्सेकडे पाहिलं. सेन्सेने छताकडे पाहिलं. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने डबा पुढे केला.

“प्लीज.”

“ओह नो, आय कुडन्ट.”

“प्लीज.”

“रिअली, नो.”

तिसऱ्यांदा युको-सानने विचारलं नाही. मूठभर शंकरपाळे हेलनच्या बशीत घातले. हेलन रडता रडता हसली आणि खात बसली. पाहता पाहता बाकीच्या आयाही जमल्या, आणि ‘परमनंट ऑर नॉट’वर तिथे जी चर्चा झाली ती गारा थांबल्यावरही संपेना.

संध्याकाळी दार वाजलं. युको-सान! हेलनच्या मुलीच्या वाढदिवसाचं हानाला आमंत्रण आलं होतं. ते कार्ड दोन्ही हातांत धरून ती धावत आली होती. बूट वाकडेतिकडे टाकून आत आली आणि “सेन्से!” म्हणून खोल वाकली. मीही वाकलो. मान वर केली तेव्हा कळलं, ती माझ्या मागे उभ्या असलेल्या आईला म्हणत होती.

शिकवणी अजून चालू आहे. आई शिकवते, युको-सान वह्या तपासते आणि विद्यार्थी मी आहे. या आठवड्याचा गृहपाठ होता, डेव्हिडला नेटिव्ह प्लेस विचारणे. मंगळवारी डब्यांपाशी तो भेटला. मी मनात तीनदा उजळणी केली, घसा खाकरला आणि धो धो पावसात त्याला म्हणालो, “लव्हली डे!”