खिचडीचा पहिला चमचा

राख रोज मूठभर पडते, कोणाला दिसत नाही, आणि वर्षाने पाहावं तर डोंगर. खापरखेड्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं मी राख काढली, म्हणून सांगतो. किस्स्यांचंही तसंच आहे. शाळेत मी रोज एक चमचा खिचडी खायचो. तीन वर्षं खाल्ली. पोट एकदाही भरलं नाही, पण किस्से एवढे जमले की आता घरी बसून उपसतो आहे. घरात ऐकायला कोणी नाही, म्हणून लिहितो.

मी तिसरी पास. सही मराठीत करतो, आणि मी लिहिलेलं कोणालाही वाचता येतं. आमच्या साहेबांचं येत नव्हतं.

आमचं घर नागपुरात, पोरांच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. बायको गेल्यावर मी, मुलगा प्रवीण, सून आणि नात श्रावस्ती, असे चौघं. श्रावस्ती पहिलीत गेली त्या वर्षी पालकांची सभा होती. प्रवीण ड्यूटीवर, म्हणून मी गेलो. मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "नियम आहे. पोरांना वाढायच्या अर्धा तास आधी मोठ्या माणसाने खिचडीची चव घ्यायची आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. शाळेच्या समितीत नाव देऊन एखादा पालक रोज येईल का?"

सगळे पालक मोबाइलमध्ये पाहू लागले.

मी उभा राहिलो. "मी येतो. पण खोटं लिहिणार नाही."

शाळेच्या दारात एक काळा फळा आहे. अर्ध्यावर 'बातम्या', अर्ध्यावर 'पुढील कार्यक्रम'. मला समितीत घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी बातम्यांत माझं नाव होतं. मी ते दोनदा वाचलं. चष्मा नव्हता, म्हणून.

*

पहिल्या दिवशी घरून स्वतःचा चमचा नेला. रजिस्टर उघडलं. मागची सगळी पानं 'उत्तम', 'उत्तम', 'उत्तम'. मी एक चमचा खाल्ला आणि लिहिलं, 'मीठ कमी.'

खिचडी शिजवणारी वनिता. हातात पळी घेऊन आली. "आबाजी, हे काय लिहिलं जी? आजवर कोणी असं लिहिलं नाही."

"आजवर कोणी खाल्ली नसंल."

तिने मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा चमचा भरून दिला. मी खाली लिहिलं, 'आता पुरे.'

"पुरे म्हणजे उत्तम का?"

"पुरे म्हणजे पुरे."

ती मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "वनिता, तू मीठ आधी टाकत जा. त्यांना शिकवण्यापेक्षा ते सोपं आहे."

*

श्रावस्ती तिसरीत गेली तेव्हा पहिलीत गुड्डी नावाची पोरगी आली. एवढीशी. वेण्या ताठ. सगळ्या गोष्टींचं कारण विचारणारी. मी चव घेत होतो तेव्हा ती खिडकीत उभी. तिने बाईंना विचारलं, हा म्हातारा आपल्या आधी काहून खाते? बाईंनी सांगितलं, अन्नात काही वाईट असलं तर आधी मोठ्यांना कळावं, म्हणून.

गुड्डीने त्याचा अर्थ लावला आणि रांगेत सगळ्यांना सांगितला. "आबाजी आधी खाते. अर्धा तास थांबायचं. मेला नाही, तर आपण खायचं."

श्रावस्ती तिच्या अंगावर गेली. "माह्या आबाजी नाही मरणार."

"मंग त्यालेच काहून खाऊ घालतात?"

श्रावस्ती ताट घेऊन रांगेत तिच्या मागे उभी राहिली.

त्या दिवसापासून अर्धा तास झाला की गुड्डी ताट घेऊन माझ्यासमोर यायची. "आबाजी, पोटात दुखून राहिलं का?"

"नाही."

ती मागे वळून ओरडायची, "वाढा वं, वनिताबाई. जिता आहे."

मग रांग पुढे सरकायची. मी चमचा पुसून घरी यायचो. हा माझा दिवस.

*

दिवाळीनंतर प्रवीणला पुण्यात नोकरी लागली. सामान एका टेम्पोत मावलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही पण चला. इथं एकटे काय करता?"

मी म्हणालो, "मले काम आहे."

त्याने विचारलं नाही कोणतं. त्याला माहीत होतं.

शाळा घराला लागून असण्याचा एक त्रास आहे. सगळं ऐकू येतं. रोज सकाळी तिसरीची हजेरी. बाई नाव घेतात, "श्रावस्ती." आणि अख्खा वर्ग एका सुरात, "पुण्याले गेली."

तेव्हा मी रेडिओ लावतो.

*

आता अडचण सांगतो. नवीन शाळेत श्रावस्तीला जुन्या शाळेचा दाखला लागणार होता. दाखला मी अर्ज करून काढायचा आणि पुण्याला पाठवायचा. एक दिवसाचं काम. पण समितीत पालकच चालतो, आणि पालक तोच, ज्याचं पोर हजेरीत आहे. नाव कटलं की माझं समितीतलं नाव गेलं. चमचाही गेला.

प्रवीणचा फोन आला. "बाबा, दाखला काढला का?"

"मॅडम रजेवर आहेत."

नोकरीत मी एकही काम दुसऱ्या दिवसावर टाकलं नाही. हे टाकलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. मी म्हणालो, अजून रजेवरच आहेत.

दोन दिवसांनी मी चव घेत होतो. मॅडम आल्या, रजिस्टर पाहिल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाल्या, "आबाजी, मी कधीपर्यंत रजेवर आहे ते मला सांगून ठेवत जा. प्रवीणचा फोन आला होता. माझी फार गडबड झाली."

मी म्हणालो, "काय सांगितलं?"

"म्हटलं, रजेवरच आहे. बरं नाही."

त्या दिवशी रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते आठवत नाही.

*

फळ्यावर आलं, 'पुढील कार्यक्रम: आरोग्य तपासणी'. धंतोलीहून एक तरुण डॉक्टर आला. पोरांची वजनं, दात, डोळे. गुड्डीचा नंबर आला तर ती खुर्चीवर बसेना. माझा हात धरून मला पुढे केलं. "आधी याले पाहा."

डॉक्टर हसला. "ते विद्यार्थी आहेत का?"

"नाही. पण सगळं आधी तेच करते."

त्याने माझा बीपी पाहिला आणि हसणं थांबवलं. "काका, हा जास्त आहे. गोळी घेता का? घरी कोण असतं?"

"असतात सगळे," मी म्हणालो.

गुड्डी म्हणाली, "कोणी नाही राहत. श्रावस्ती पुण्याले गेली."

मी तिला म्हणालो, "तोंड उघड. डॉक्टरला दात दाखव."

गोळी तेव्हापासून घेतो. खिचडीच्या वेळेला.

*

थंडीत शाळेचं वनभोजन होतं. खिचडी नाही, ज्याचा त्याचा डबा. मॅडम म्हणाल्या, "आबाजी, चव घ्यायचं काही नाही, पण चला."

बागेत सतरंजी अंथरली. पोरं गोल बसली. डबे उघडले. आणि कोणी खाईना. भोयर सर नवीन होते, तरुण, नेहमी घाईत. ते म्हणाले, "अरे खा ना. कोणाची वाट पाहता?"

पोरांनी माझ्याकडे पाहिलं.

मग गुड्डीने डबा माझ्यासमोर ठेवला. तिच्या मागे दुसरं पोर. त्याच्या मागे तिसरं. एक्केचाळीस डबे. पोळी-भाजी, पोहे, शिरा, कोथिंबिरीची सांबारवडी, एकाच्या डब्यात नुसती बिस्किटं. मी प्रत्येकातला एक घास खाल्ला. बिस्किटाचाही. एखाद्याचा सोडला असता तर त्याने जेवायचं कसं?

अर्धा तास तर कोणीच थांबलं नाही, पण संध्याकाळी बसमध्ये गुड्डीने आठवणीने विचारलं. "आबाजी, पोटात दुखून राहिलं का?"

फार दुखत होतं.

"नाही," मी म्हणालो.

रात्रभर दुखलं. पण बायको गेल्यापासून एवढ्या घरांचं मी खाल्लं नव्हतं.

*

मग एका रविवारी श्रावस्तीचाच फोन आला. ती नेहमी पुण्याच्या बागेचं, घसरगुंडीचं सांगते. त्या दिवशी गप्प होती. मी विचारलं, "काय झालं वं?"

"आबाजी, इथं हजेरीत माह्यं नाव नाही. बाई सगळ्यांचं घेते. माह्यं नाही घेत. मी हात वर केला, तर बाई म्हणे, दाखला आला की घेऊ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम बऱ्या झाल्या का?" तिने विचारलं.

"झाल्या," मी म्हणालो. "आजच झाल्या."

सोमवारी शाळा उघडायच्या आधी दारात उभा होतो. अर्ज घरूनच लिहून नेला होता. चार ओळी. मॅडमने वाचला, पुन्हा वाचला. "आबाजी, तुम्हाला माहीत आहे ना, समितीत पालकच लागतो?"

"माहीत आहे."

"पुढच्या महिन्यात केलं तर?"

"पोरीचं नाव कुठंच नाही, मॅडम. इथं आहे तर ती इथं नाही. तिथं आहे तर नाव नाही."

त्यांनी दाखला लिहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'स्थलांतर' लिहिलं, शिक्का मारला. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत दोघंही त्याच्याकडे पाहत बसलो.

त्या दिवशी शेवटची चव घेतली. वनिता पळी घेऊन बाजूला उभी. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'मीठ बरोबर.'

तिने वाचलं. "आबाजी, तीन वर्षांत 'उत्तम' नाही लिहिलं. आज तरी लिहायचं होतं जी."

"उद्यापासून रोज लिहितील."

दाखला सदर बाजारातल्या कुरिअर ऑफिसात स्वतः नेऊन दिला. पावती जपून ठेवली आहे.

*

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेलो तेव्हा फळा वाचला. 'बातम्या: आजपासून खिचडीची चव भोयर सर घेतील.' अक्षर चांगलं होतं. घरी आलो, चहा केला, भिंतीकडे पाठ करून बसलो. चमचा धुऊन जागेवर ठेवला होता. त्याच्याकडेही पाहिलं नाही.

जेवणाची घंटा झाली. ताटांचा आवाज झाला. मग आवाज बंद. खिचडी वाढल्यावर शाळेत जो कल्ला होतो, तो झालाच नाही. मी रेडिओ बारीक केला.

भिंतीपलीकडून भोयर सरांचा आवाज आला. "अरे, मी खाल्ली. उत्तम आहे. खा आता."

ताट एकही वाजलं नाही.

"काय झालं? काहून खाऊन नाही राहिले?"

मग गुड्डीचा आवाज. "सर, तुम्ही नका खाऊ. तुम्ही मेले तर आमाले कोण शिकवणार? आबाजी म्हातारा आहे. त्याचं चालते."

वनिता मोठ्याने हसली. मग कोणीच हसलं नाही. मग मॅडमच्या चपलांचा आवाज भिंतीजवळ आला.

"आबाजी, आहात का?"

"आहे."

"पोरं जेवत नाहीत. समितीचं समिती पाहील. तुम्ही या."

मी टोपी घातली. चमचा घेतला. दारापासून फाटकापर्यंत मला तीन मिनिटं लागतात, त्या दिवशी लवकर पोहोचलो. पोरं ओळीत बसलेली, ताटं भरलेली, हात मांडीवर. भोयर सरांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी पातेल्यातून चमचाभर घेतली. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती. गिळली.

वेळ निघून गेली होती, खिचडी निवत होती. गुड्डीने नियम मोडून लगेच विचारलं, "आबाजी, पोटात दुखून राहिलं का?"

"नाही. खा."

तेव्हा कुठे कल्ला झाला.

पोरं जेवली. नळावर ताटं धुतली. घंटा झाली, एकेक वर्ग आत गेला. वनिताने पातेलं घासायला घेतलं. मी चमचा पुसला, टोपी नीट केली आणि निघालो. गुड्डी सगळ्यात मागे राहिली होती. ओलं ताट छातीशी धरून परत आली, मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"आताही नाही दुखून राहिलं ना, आबाजी?"

मी फाटकाकडे पाहिलं. मग पायरीवर बसलो.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "थोडा वेळ बसून पाहतो."