दुसऱ्या वाचकाची पहिली फेरी

“‘वाटतं’ हा शब्द घरी ठेवून यायचा,” असं म्हणून बाई कानामागची पेन्सिल काढायच्या. त्यांच्यासमोर चहा अगोड वाटतो म्हणायचीही सोय नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला त्या वसईतल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या आणि मी तिथल्या ग्रंथालयात कारकून होतो. पीएच.डी.साठी त्यांनी विषय घेतला होता इथल्याच एका साप्ताहिकातल्या वाचकांच्या पत्रांचा. आशय-विश्लेषण म्हणतात त्याला. एकेक पत्र वाचायचं, ते पाणी, रस्ते, शेती, शाळा यांपैकी कोणत्या रकान्यात बसतं ते नियमाने ठरवायचं आणि शेवटी मोजायचं. लोक नेमके कशासाठी ओरडतात, ते त्यातून कळतं.

बाई कॅथलिक बागायतदारांच्या घरातल्या. आईशी त्या घरच्या बोलीत बोलायला लागल्या की मला निम्मं कळायचं नाही. वर्गात मात्र मराठी छापल्यासारखी. शनिवारी त्या डब्यातून सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, आणायच्या. जुन्या अंकांच्या धुळीत आम्ही शिंकत शिंकत ती खायचो.

तुळिंजच्या एका आजींचं पत्र होतं. “विहिरीचा पानी खारट झाला. पोरी शाळा सोडून लांब पान्याला जातात.”

“बाई, हे पाणी की शाळा?”

“पहिली तक्रार कोणती, ते बघा. नियम आहे ना?” असं म्हणून त्या चष्मा पुसत बसल्या. चष्मा चांगला स्वच्छ होता.

आता, एकट्याचं वाचन या कामात धरत नाहीत. दुसऱ्या कुणीतरी, पहिल्याचे रकाने न बघता, तीच पत्रं वाचावी लागतात. दोघांचं बऱ्यापैकी जुळलं तर ते खरं. हा दुसरा वाचक म्हणजे मी. प्रबंध मुदतीत गेला तरच बाईंची नोकरी कायम होणार होती, हे साऱ्या कॉलेजला ठाऊक होतं. त्यांची वही ग्रंथालयाच्याच कपाटात असायची. मी ती काढली आणि बघून बघून रकाने भरले. आपण उपकार करतोय, असं समजत होतो मी गाढव.

बाईंनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकेक पान ताडून पाहिलं.

“इतकं नवरा-बायकोचंही जुळत नाही हो.”

मी सगळं कबूल केलं. “मुदत जवळ आली होती, बाई. तुमचं भलं व्हावं म्हणून...”

“माझं राहू द्या. ज्यांनी पत्रं लिहिली, त्यांचं काय?”

रागावल्या नाहीत. माझी वही बाजूला ठेवली आणि नवी कोरी दिली. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. यावेळी आमचं पुष्कळ ठिकाणी जुळलं नाही. मग त्यांनी नियम सुधारले आणि पुन्हा वाचन झालं. त्यात मुदत गेली. कॉलेजातली जागा दुसऱ्याला मिळाली, बाई विरारच्या शाळेत शिकवायला लागल्या. प्रबंध पुढे दोन वर्षांनी पूर्ण झाला. माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या. मीच नजर चुकवायचो.

त्या गेल्या तेव्हा चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्यांच्या भावाने प्रबंधाची एक प्रत माझ्या हातात दिली. ग्रंथालयात प्रत होती, पण इतकी वर्षं ती उघडायचा मला धीर झाला नव्हता. आता उघडली. पद्धतीच्या प्रकरणात लिहिलंय: “दुसऱ्या वाचकाची पहिली फेरी रद्द केली. संशोधकाने त्यास दिलेल्या सूचना अपुऱ्या होत्या.”

सूचना मुळीच अपुऱ्या नव्हत्या. माझी वही बघू नका, असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. साऱ्या प्रबंधात तेवढं एकच वाक्य खोटं आहे, आणि ते माझ्यासाठी लिहिलेलं आहे.